स्वस्तातला सूक्ष्मदर्शक: डबक्यातल्या जीवांची चाल आणि उजेड

डबकेबहाद्दर

मंडळी, फोनला भिंग चिकटवून सूक्ष्मदर्शक करायचे व्हिडिओ पैशाला पासरी आहेत, पण बहुतेक सगळे कांद्याच्या पापुद्र्यापाशी येऊन थांबतात. पापुद्रा दिसला, खाली अंगठे पडले, विषय संपला. मला हलणारं काहीतरी हवं होतं. तेही नुसतं बघायला नाही. ते कुठे जातं, किती वेगाने जातं, उजेडाची बाजू बदलली की काय करतं, हे मोजायचं होतं. गेला पावसाळाभर त्यावर खटपट चालू आहे. जमलंय तेवढं लिहितो, जाणकारांनी भर घालावी.

गिऱ्हाईक आहे युग्लीना, एका पेशीचा जीव. लांबी साधारण ५० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा विसावा भाग. हिरवा, दोन्हीकडे निमुळता, पुढच्या टोकाला एक कशाभिका (पोहायला लागणारं चाबकासारखं शेपूट) आणि तिच्या बुडाशी नारिंगी-तांबडा ठिपका. गोठ्याचं पाणी झिरपून जे डबकं साचतं त्याच्यावर हिरवी साय धरते, तिथे हमखास सापडतो. वाहत्या, स्वच्छ पाण्यात शोधत बसू नका.

कल्पना माझी नाही. स्टॅनफर्डमध्ये इंगमार रीडेल-क्रूझे यांच्या गटाने २०१६ साली 'लुडसस्कोप' नावाचं उपकरण प्रसिद्ध केलं. त्रिमितीय छपाईचा सांगाडा, वर फोन, स्लाइडच्या चार बाजूंना चार एलईडी आणि ते पेटवायला जॉयस्टिक. पोरं जॉयस्टिक फिरवतात आणि पडद्यावर खरे, जिवंत युग्लीना वळतात. मी त्याची गावठी आवृत्ती केली.

ॲक्रिलिकचा तुकडा, तीन लांब बोल्ट, नट, वॉशर. भिंग म्हणाल तर मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात बोर्ड गेलेले फोन पडून असतात, त्यातला एक कॅमेरा मागून आणला. त्यातलं भिंग सोडवून चालू फोनच्या कॅमेऱ्यासमोर उलटं बसवायचं. दोन जवळपास सारखी भिंगं अशी समोरासमोर आली की सेन्सरवर वस्तूची प्रतिमा मूळ मापाचीच पडते. सेन्सर चार-पाच मिलिमीटरचा, तेव्हा थेंबाचाही तेवढाच भाग एका वेळी दिसतो. स्लाइड मात्र भिंगाला जवळजवळ टेकवावी लागते. बोल्ट पाव फेरा फिरला तरी फोकस जातो, म्हणून बारीक आट्यांचे घ्या.

खरी गंमत उजेडात आहे. खालून पांढरा उजेड दिला तर युग्लीनाला आधीच सगळीकडून उजेड मिळतो, मग बाजूच्या दिव्याकडे तो कशाला लक्ष देईल? त्याला दिशा कळते ती निळ्या उजेडात. तांबडा त्याच्या खिजगणतीतही नाही. म्हणून बघायला तांबडा एलईडी, खुणवायला निळा. खोक्याला आतून काळा कागद लावायचा म्हणजे खोलीतला उजेड शिरत नाही. आणि फोनच्या भिंगावर तांबडा जिलेटीन पेपर, म्हणजे निळा दिवा पेटला तरी चित्र पांढरंफटक होत नाही.

फोटो प्रतिसादात टाकतो, इथे चढत नाहीयेत.

पक्या_सांगली

जबरी! वाचनखूण साठवली. पण मालक, किती एक्सचा (किती पट मोठं दाखवणारा) आहे ते लिहिलंच नाहीत.

डबकेबहाद्दर

मुद्दामच नाही लिहिलं. सेन्सरवर १ एक्स, मोबाइलच्या पडद्यावर १५-२०, टीव्हीला जोडला तर काहीच्या काही. त्या आकड्याला अर्थ नाही. मला चार-पाच मायक्रॉनपर्यंतचं वेगळं दिसतं. युग्लीना ५० चा, तेव्हा तो कुठे आहे आणि तोंड कुठे आहे एवढं कळायला हे पुरून उरतं.

भिंगोबा

धागा आवडला. एक्सबद्दल डब (म्हणजे डबकेबहाद्दर) यांना अनुमोदन, थोडी भर घालतो.

जास्त मोठं बघायचं तर काचेचा मणी वापरतात. त्याचं केंद्रांतर (भिंगापासून किती अंतरावर किरण एकत्र येतात ते) काढायचं सूत्र सोपं आहे: व्यास गुणिले अपवर्तनांक (काच उजेड किती वाकवते तो आकडा), भागिले चार गुणिले (अपवर्तनांक वजा एक). २.४ मिमीचा बोरोसिलिकेट मणी, अपवर्तनांक १.५१७, केंद्रांतर आलं सुमारे १.७६ मिमी. २५० मिमीला (डोळ्याला नीट दिसायचं नेहमीचं अंतर) त्याने भागलं की १४० पट. फोल्डस्कोप म्हणतात तो कागदी सूक्ष्मदर्शक नेमका असाच आहे. मनु प्रकाश आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये तो मांडला, सुट्या भागांचा खर्च एका डॉलरच्या आत. (अवांतर: प्रकाश मूळचे मेरठचे, कानपूर आयआयटीचे.) मणी १ मिमीचा घेतला तर ३४० पट होतं, पण डोळा पापणी लागेल इतका जवळ न्यावा लागतो, दिसणारा भाग टिचभर आणि कडा धूसर.

आता चालीचा विचार करा. युग्लीना सेकंदाला ५० ते १०० मायक्रॉन पोहतो. १४० पटीच्या भिंगाखाली अर्धा मिमी जरी चांगला दिसत असेल तरी पाच-दहा सेकंदांत प्राणी हद्दपार. उजेड बदलून त्याने वळायच्या आत तो गेलेला असतो. डब यांच्या खोक्यात तो मिनिटभर तरी नजरेत राहणार, आणि एकटा नाही, बरोबर पन्नास-शंभर सोबती. चाल अभ्यासायची तर हेच हवं. फोल्डस्कोप माझ्याकडे आहे, शेतात-रानात न्यायला त्याला तोड नाही, पण हातात धरलेल्या कागदावरून वेग मोजायच्या भानगडीत पडू नये असं माझं मत.

शंकेखोर

एवढा उपद्व्याप कशाला? अंबाल्याला विद्यार्थ्यांचे सूक्ष्मदर्शक घाऊक बनतात, जुना कुठल्याही कॉलेजच्या लिलावात मिळतो. १० पटीच्या ऑब्जेक्टिव्हला (नमुन्याकडच्या भिंगाला) ०.२५ अपर्चर (उजेड गोळा करायची क्षमता) असतं, म्हणजे १.३-१.४ मायक्रॉनपर्यंतचं स्पष्ट दिसणार. तुमच्या भंगारातल्या भिंगाच्या तिप्पट चांगलं. फोन आयपीसवर धरला की झालं.

डबकेबहाद्दर

मिळत असेल तर जरूर घ्या, मी कुठे नको म्हणतोय? स्वतः युग्लीनाचा ठिपका बघायला मी शेजारच्या शाळेतला तसलाच वापरतो. पण त्याच्या स्टेजच्या बाजूने दिवे बसवायला जागा नाही, खालच्या आरशातून कुठला उजेड किती येतो त्यावर ताबा नाही, आणि वर्गातल्या चाळीस पोरांत एक नग. माझ्या खोक्याचा खर्च जवळपास सगळा नट-बोल्ट आणि एलईडीचा आहे. तशी पाच खोकी केली तर पाच गट एकाच वेळी काम करतात.

रच्याकने, वायरिंग विचारताहेत व्यनितून (व्यक्तिगत निरोपातून), इथेच देतो. ५ व्होल्टचा मोबाइल चार्जर. निळ्या एलईडीला १८० ओहम, तांबड्याला ३३०, दोन्हीकडे ९-१० मिलिअँपिअर येतात. पॉवर बँक वापरू नका, एवढ्या कमी करंटला ती 'काही जोडलेलंच नाही' समजून थोड्या वेळाने बंद पडते. निळे दोन, समोरासमोर, सारख्या अंतरावर, स्लाइडशी साधारण ३० अंश तिरके. मधे टू-वे स्विच, जिन्याच्या दिव्याला असतो तो: एक विझला की दुसरा पेटतो.

पॅथलॅबवाली

आम्ही दिवसभर सूक्ष्मदर्शकात डोळे घालून बसणारे, त्यामुळे हा धागा सुटणं शक्यच नव्हतं :)

मोजायचं म्हणताय तर माप कुठून आणता? स्टेज मायक्रोमीटर (बारीक रेघांची काचेची मोजपट्टी) महाग असतो. त्यापेक्षा एखाद्या लॅबकडे जुना न्यूबाउर चेंबर मागा. पूर्वी रक्तपेशी हाताने मोजायचो तो. आता सेल काउंटर आल्यापासून कित्येक कपाटात पडून आहेत, कडेला टवका उडालेला असेल तर कोणी देऊनही टाकेल. मधल्या मोठ्या चौकोनाची बाजू बरोबर १ मिमी, आणि त्यातल्या सगळ्यात बारीक चौकोनाची ०.०५ मिमी, म्हणजे ५० मायक्रॉन. एका चौकोनात एक युग्लीना आडवा! त्याची स्वतःची कव्हर काच जाड असते, जवळजवळ ०.४ मिमी, ती तुमच्या भिंगाला आड येईल. मापासाठी काच न ठेवता कोरडाच चेंबर ठेवा, रेघांवर फोकस करून एक फोटो घ्या आणि मग झूमला हात लावू नका. झूम बदललं की माप गेलं.

दुसरं, थेंबाबद्दल. स्लाइडवर थेंब, वर कव्हरस्लिप (पातळ झाकणकाच), एवढ्यावर सोडलं तर कडेने पाणी सुकत जातं आणि आतलं सगळं पाणी त्या कडेकडे सरकतं. बघणाऱ्याला वाटतं काय पळताहेत! प्रत्यक्षात वाहून चाललेले असतात. स्लाइडवर डबल टेपच्या दोन पट्ट्या, मधे थेंब, वर कव्हरस्लिप आणि उघड्या दोन बाजू व्हॅसलीनने बंद. टेपची जाडी ०.१ मिमीच्या आसपास, त्यामुळे सगळे प्राणी एका पातळीवर राहतात आणि फोकसही टिकतो. बुडबुडा मात्र राहू देऊ नका. काही जीव प्राणवायूसाठी त्याच्याभोवती गर्दी करतात आणि तुम्ही समजता उजेडामुळे जमले.

तिसरं नवशिक्यांसाठी. थेंबात बारीक ठिपके जागच्या जागी थरथरताना दिसतील. ते जिवंत नाहीत. पाण्याच्या रेणूंचे धक्के बसून कुठलाही कण तसा थरथरतो, ब्राउनने १८२७ साली परागातल्या कणांत हेच पाहिलं होतं. जो ठिपका एका दिशेने चालतो, थांबतो, पुन्हा चालतो, तो आपला.

उत्रेख्तकर

इथे नेदरलँड्समधल्या उत्रेख्तला राहतो, त्यामुळे दोन पैशांची भर घालायचा हक्क बजावतो.

आमच्या विद्यापीठाच्या संग्रहालयात लेवेनहूकचा एक सूक्ष्मदर्शक आहे. बोटाएवढी धातूची पट्टी, त्यात एक भोक, भोकात भिंग, मागे नमुना टोचायला सुई आणि स्क्रू. पट २६६. हा माणूस डेल्फ्टमधला कापडाचा व्यापारी, विद्यापीठाचं तोंड न पाहिलेला. १६७४ साली एका तळ्याच्या पाण्यात हिरवे धागे आणि हलणारे जीव पाहून त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवलं. तो भिंगं कशी करतो हे त्याने जन्मात कोणाला सांगितलं नाही. मग २०२१ मध्ये डच संशोधकांनी न्यूट्रॉनचा मारा करून हा सूक्ष्मदर्शक न उघडता आतून तपासला. निघालं काय, तर काचेचा दोरा वितळवून केलेला साधा गोल मणी! आणि ही कृती रॉबर्ट हूकने १६६५ मध्येच छापून टाकलेली होती. गुपित गुपित म्हणून साडेतीनशे वर्षं चर्चा झाली ती ह्यासाठी.

याच गावात थेओडोर एंगेलमान नावाचा शास्त्रज्ञ होता. १८८२ साली त्याने सूक्ष्मदर्शकाखाली शेवाळाच्या एका धाग्यावर लोलकातून केलेला इवलासा वर्णपट पाडला. धाग्यावर तांबडा, पिवळा, हिरवा, निळा असे पट्टे. पाण्यात प्राणवायूकडे धावणारे जीवाणू सोडले. ते गोळा झाले तांबड्या आणि निळ्या पट्ट्यापाशी, हिरव्यापाशी जवळजवळ कोणी नाही. प्रकाशसंश्लेषण कुठल्या रंगात होतं हे त्याने जीवाणूंच्या गर्दीवरून वाचलं! आज ज्याला लाखोंची यंत्रं लागतात ते मोजायला त्याने जिवंत जंतू वापरले. पॅथलॅबवाली ताईंचा बुडबुड्याचा इशारा वाचून हेच आठवलं: तुमचा घोटाळा तोच एंगेलमानचा प्रयोग.

कॉलेजातला_मास्तर

भौतिकशास्त्र शिकवतो, म्हणून एक मुद्दा. हे जीव पोहतात ते आपल्या अर्थाने पोहणं नव्हे. विहिरीत सूर मारला की हातपाय न हलवता आपण काही अंतर पुढे जातो. त्यांना ती चैन नाही. वस्तू जितकी लहान तितका पाण्याचा चिकटपणा वरचढ आणि जडत्व नगण्य. युग्लीनासाठी रेनॉल्ड्स अंक (जडत्व चिकटपणाच्या किती पट ते सांगणारा आकडा) काढून बघा: ५० मायक्रॉन लांबी, सेकंदाला १०० मायक्रॉन वेग, उत्तर ०.००५. माणसाचा लाखांच्या घरात असतो. एडवर्ड पर्सेल यांनी (भौतिकीचं नोबेल, १९५२) १९७७ मध्ये यावर एक सुंदर व्याख्यान प्रसिद्ध केलं. त्यात हिशेब आहे की जीवाणूने पोहणं थांबवलं तर तो अणूच्या रुंदीपेक्षाही कमी अंतरात थांबतो.

तुमच्या प्रयोगाच्या दृष्टीने याचा फायदा असा की उशीर दिसला तर तो पाण्यामुळे नाही. दिवा बदलल्यावर प्राणी दोन सेकंदांनी वळला, तर ते दोन सेकंद त्याच्या आतल्या यंत्रणेचे. तेच मोजा.

शंकेखोर

उपकरण झकास आहे हे मान्य. निष्कर्षाचं काय? एलईडी पेटवला, प्राणी एका बाजूला गेले. ठीक. एलईडीने पाणी तापलं आणि प्रवाह सुरू झाला नाही कशावरून? स्लाइड एका अंगाला कलती नव्हती कशावरून? युग्लीना वरच्या दिशेने पोहतो असंही वाचलंय. ताईंनी सुकण्याचं सांगितलंच. उजेडालाच श्रेय द्यायच्या आधी बाकीच्यांना बाद करा.

डबकेबहाद्दर

शंकेखोर, तुमच्यासाठीच हे राखून ठेवलं होतं. चार पडताळे करतो आणि चारही झाल्याशिवाय व्हिडिओ धरत नाही.

एक, मेलेले युग्लीना. थेंबात ल्यूगॉलचं आयोडीन टाकलं की मरतात. तीच स्लाइड, तोच दिवा. मेलेले जर सरकत असतील तर पाणी वाहतंय. टेप आणि व्हॅसलीन आल्यापासून मेलेले जागचे हलत नाहीत.

दोन, बाजूला निळ्याऐवजी तांबडा एलईडी, तेवढ्याच करंटचा. ऊब असेल तर ती यालाही आहे. कोणी ढुंकून बघत नाही.

तीन, दिवा इकडून तिकडे. कलतेपणा किंवा प्रवाह असेल तर तो दिव्याबरोबर बाजू बदलणार नाही.

चार, स्लाइड अर्ध्या फेऱ्याने फिरवून सगळं पुन्हा.

आता सापडलं काय ते. दिवा मंद असेल (मी एलईडीपुढे ट्रेसिंग पेपरचे थर लावतो) तर बहुतेक जण दिव्याकडे वळतात. थर काढले की तेच पाठ फिरवतात. प्रखर उजेड अचानक टाकला तर काही जण पुढे जायचं सोडून जागीच गोल फिरायला लागतात, काही चौकोनी-षटकोनी वाटा काढतात. मला वाटलं नमुना खराब आहे, पण रीडेल-क्रूझे यांच्याच गटाने २०१८ मध्ये ह्या बहुकोनी वाटांवर अख्खा शोधनिबंध लिहिलेला आहे.

हे असं का होतं ते कळल्यावर मी खोक्यापाशी नव्याने जाऊन बसलो. युग्लीना पोहताना स्वतःभोवती गिरकी घेतो, सेकंदाला एक-दोन. उजेड ओळखणारा भाग तो तांबडा ठिपका नाहीच. तो आहे कशाभिकेच्या बुडाशी, जरासा फुगीर. त्यातलं प्रथिन जपानी संशोधकांनी २००२ मध्ये ओळखलं. निळा उजेड पडला की ते सायक्लिक एएमपी (पेशीतला निरोप्या रेणू) तयार करायला लागतं. ठिपक्याचं काम फक्त आडोसा करायचं. उजेड बाजूने येत असेल तर दर गिरकीला एकदा ठिपक्याची सावली त्या भागावर पडते, उघडझाप होते, आणि दर झापेला कशाभिकेचा फटका बदलून तोंड जरासं वळतं. वळत वळत अंगाची रेघ उजेडाच्या रेघेत आली की सावली पडणंच बंद. मग सरळ. ना मेंदू, ना डोळा, एक अडसर आणि एक गिरकी!

व्हिडिओत हे चक्क दिसतं. पोहणारा सरळ रेघेत जात नाही, बारीक नागमोडी जातो, आणि दिवा बदलल्यावर तो गोल वळण न घेता टप्प्याटप्प्याने, दर गिरकीला थोडा असा वळतो. तीसच्या फ्रेमने शूट केलं तर एका गिरकीला पंधरा-तीस फ्रेम मिळतात, भरपूर झाल्या. फक्त एक लक्षात ठेवा: उजेड कमी पडला तर बरेच फोन गुपचूप फ्रेम कमी करतात. कॅमेरा ॲपमध्ये एक्स्पोजर आणि फोकस लॉक करा आणि चौकटीच्या कोपऱ्यात एक सेकंदाला लुकलुकणारा एलईडी ठेवा. फोनच्या घड्याळावर भिस्त नको.

पक्या_सांगली

वाचताना कॉफी गार झाली. एवढे प्राणी मोजता कसे पण? कॉम्प्युटरवर?

डबकेबहाद्दर

फिजी नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात वाटा काढायला ट्रॅकमेट. हिरवे जीव तांबड्या उजेडात काळपट दिसतात, त्यामुळे ते बऱ्यापैकी पकडतं. दोन जीवांच्या वाटा एकमेकींना छेदल्या की मात्र नावांची अदलाबदल करतं, तेवढं डोळ्यांनी तपासावं लागतं. पोरांना मी ते शिकवत नाही. लॅपटॉपच्या पडद्यावर ओएचपीची (ओव्हरहेड प्रोजेक्टरची) पारदर्शक शीट चिकटवायची, व्हिडिओ सेकंदा-सेकंदाने थांबवायचा आणि मार्करने ठिपके द्यायचे. ठिपके दूर तिथे वेग जास्त. पट्टीने मोजून न्यूबाउरच्या फोटोशी भागाकार. माझ्या डबक्यातले बहुतेक ४० ते ९० मायक्रॉन सेकंदाला भरतात.

उपयोग_काय

सगळं छान आहे, पण याचा उपयोग काय?

उत्रेख्तकर

आयडी सार्थ आहे तुमचा :) युग्लीनाचा भाऊबंद शोभावा असा क्लॅमिडोमोनास म्हणून शैवाल आहे, १० मायक्रॉनचा, दोन कशाभिकांचा. तो उजेड कसा ओळखतो या निव्वळ कुतूहलातून २००२-०३ मध्ये जर्मनीत नागेल, हेगेमान आणि सहकाऱ्यांना चॅनेलऱ्होडॉप्सिन सापडलं. उजेड पडला की पेशीच्या आवरणातली वाट उघडणारं प्रथिन. ते चेतापेशीत बसवलं की चेतापेशी दिव्याने चालू करता येते. २०२१ मध्ये अशाच एका शैवाल-प्रथिनाने, खास चष्म्याच्या मदतीने, एका आंधळ्या रुग्णाला टेबलावरच्या वस्तू अंशतः ओळखता आल्या. डबक्यातल्या शेवाळापासून तिथपर्यंत वीसेक वर्षं.

उपयोग_काय

बरं. शब्द मागे.

मेहकरकर

आमच्या लोणारचं काय? जून २०२० मध्ये सरोवर गुलाबी झालं तेव्हा जो तो येऊन फोटो काढून गेला. पुण्याच्या आघारकर संस्थेने पाणी तपासून सांगितलं की हॅलोआर्किया नावाचे क्षारप्रिय सूक्ष्मजीव वाढल्यामुळे रंग आला. ते जीव पण उजेड ओळखतात असं ऐकून आहे. ह्या खोक्यात दिसतील का?

भिंगोबा

दिसणार नाहीत, आकार फार लहान, काही मायक्रॉनचेच. तिथे ४० चं ऑब्जेक्टिव्ह लागेल, ०.६५ अपर्चरवालं, अर्ध्या मायक्रॉनपर्यंत जाणारं. ऐकलंय ते खरं आहे. या कुळातला सगळ्यात अभ्यासलेला हॅलोबॅक्टेरियम सॅलिनारम. त्याच्याकडे उजेडाचे दोन पहारेकरी आहेत, दोन्ही ऱ्होडॉप्सिन (उजेड टिपणारी प्रथिनं) जातीचे. एक नारिंगी उजेडाकडे ओढतो आणि अतिनीलपासून पळवतो, दुसरा निळ्यापासून पळवतो. तिसरं, बॅक्टेरिओऱ्होडॉप्सिन, उजेडावर पेशीसाठी ऊर्जा तयार करतं, ते १९७१ मध्ये सापडलं. म्हणजे कामाचा उजेड हवा, जाळणारा नको, इतका हिशेब. लोणारचे जीव नेमके असेच वागतात का हे कोणी तिथल्या पाण्यावर बघितलं तर मजा येईल. पण बाटली भरून आणायला जाऊ नका, ते अभयारण्य आहे आणि २०२० पासून रामसर स्थळही (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा). परवानगी लागते.

मिठागरवाला

त्यापेक्षा आमच्याकडे या. शिरोड्याची मिठागरं, १९३० च्या सत्याग्रहाची. उन्हाळ्यात पाणी आटून मीठ धरायला लागलं की मिठागरांचं पाणी तांबूस होतं, त्यात हॅलोआर्कियांबरोबर डुनालिएला नावाचं शैवाल असतं. १० मायक्रॉनच्या आसपास, दोन कशाभिका, आणि उजेडाकडे धावण्यात पटाईत. मिठागरवाल्याला विचारलं तर पेलाभर पाण्याला कोणी नाही म्हणत नाही. मी काचेच्या बाटलीला काळा कागद गुंडाळून एका बाजूला बोटभर फट ठेवली. संध्याकाळी कागद काढला तर फटीसमोरच्या काचेवर रंगाचा उभा पट्टा. याला तर सूक्ष्मदर्शकही लागला नाही.

पॅथलॅबवाली

@मिठागरवाला, वा! डब, पोरांकडून आधी हेच करून घ्या. बाटलीत पट्टा दिसला तरच स्लाइड करायची.

थ्रीडी_माई

त्रिमितीय छपाईयंत्र हाताशी असेल त्यांनी ओपनफ्लेक्शर हा छापून करायचा सूक्ष्मदर्शक बघा. बाथ विद्यापीठात वाढलेला प्रकल्प, आराखडे सगळ्यांना खुले. त्यात स्क्रूच्या रुळांवर स्टेज सरकत नाही. प्लास्टिकच्या पातळ पट्ट्या वाकतात आणि त्यावर स्टेज झुलतं, म्हणून एका मायक्रॉनच्याही आतली पावलं टाकता येतात. मोटर लावा, रास्पबेरी पाय (छोटा संगणक) लावा, आपोआप फोकस होतो. टांझानियात तिथल्याच लोकांनी तो बनवून मलेरियासाठी तपासला. आपल्याकडे छपाईयंत्र शाळेला परवडत नाही हे खरं, पण पाबळच्या विज्ञान आश्रमात फॅब लॅब (वस्तू बनवायची खुली कार्यशाळा) आहे, एमआयटीबाहेरच्या अगदी सुरुवातीच्या फॅब लॅबपैकी. अशा ठिकाणी एकदा भाग छापून आणले की जोडणी घरी होते. डब यांच्या बोल्टांना मी नावं ठेवत नाही, पण तीन बोल्ट समान फिरवताना जीव जातो हे ते लिहायचे राहिले.

डबकेबहाद्दर

जातो. म्हणून दोन बोल्ट घट्ट करून टाकतो आणि तिसराच फिरवतो. स्लाइड किंचित कलते, ४ मिमीच्या भागात चालून जातं.

अकरावी_ब

काका, मी तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनासाठी हे करतेय. आमच्या गोठ्यामागच्या पाण्यात युग्लीना मिळाले, सरांनी ओळखून दिले. पण बरणीत ठेवले की तीन-चार दिवसांत तळाशी गोळे होऊन बसतात. आणि किती पेशींच्या वाटा काढू? परीक्षक फोटो मागतात हो.

पॅथलॅबवाली

बेटा, बरणीचं झाकण घट्ट लावू नकोस, वर कापड बांध. तांदळाचे पाच-सहा दाणे उकळून, गार करून आत टाक, त्यावर जीवाणू वाढतात आणि पाणी सकस राहतं. खिडकीत ठेव पण थेट उन्हात नको. काम करायच्या आधी तासभर मंद उजेडात ठेवलेस तर गोळे सुटून पोहायला लागतील. आणि हात साबणाने धू, ते गोठ्याचं पाणी आहे.

कॉलेजातला_मास्तर

निळा दिवा पेटल्यानंतरच्या दहाव्या सेकंदाला प्रत्येक पेशीचं तोंड कुठे आहे ते बघ. वर्तुळाचे चार भाग कर: दिव्याकडे, दिव्याविरुद्ध, उरलेल्या दोन बाजू. कुठल्या भागात किती, ते मोज. दिवा बंद असतानाही तसंच मोज. दिवा नसताना चारही भागांत साधारण सारख्या पडायला हव्यात. तुझा सगळा प्रयोग त्या दोन तक्त्यांच्या फरकात आहे. एका स्लाइडवर भागवू नकोस, वेगवेगळ्या थेंबांतून मिळून शंभर तरी पेशी होऊ देत.

अकरावी_ब

आज केलं सर. दिवा बंद: २७, २४, २६, २३. मंद निळा: दिव्याकडे ६१, विरुद्ध ११, बाजूंना १३ आणि १५. स्विच उलटा केला तेव्हाही गर्दी दिव्याच्याच बाजूला. तांबड्याचं उद्या करते. काही पेशी नुसत्या गोल फिरत होत्या, त्या सोडून दिल्या.

शंकेखोर

आकडे झकास आहेत, फोटोआधी हेच लाव. मेलेल्यांचीही एक स्लाइड कर. गोल फिरणाऱ्या सोडू नकोस, त्यांचा पाचवा रकाना कर. मंद उजेडात किती फिरतात आणि ट्रेसिंग पेपर काढल्यावर किती, हे परीक्षकाने विचारलं तर तुझ्याकडे उत्तर हवं.